एका फळीचा झोपाळा

माकुणसारच्या सावे घराण्यात अंधश्रद्धेला कधीच थारा नव्हता. शांतारामभाऊ सावे हे वाक्य शाळांच्या स्नेहसंमेलनांत, वाचनालयाच्या वर्धापनदिनी आणि एकदा तर सख्ख्या चुलत्याच्या तेराव्यालाही म्हणाले होते. वाक्य खरंच होतं. घरात तिला थारा नव्हता, म्हणूनच ती बिचारी मागच्या वाडीतल्या रायवळ आंब्यात ठोकून ठेवलेली होती.

हा आंबा कुणी लावला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शांतारामभाऊंची थोरली बहीण माई त्याचं श्रेय आजोबांना देई आणि शांतारामभाऊ वटवाघळांना. बुंधा एका माणसाच्या कवेत न मावणारा. फळ लहान, कोय मोठी आणि धागे असे की दुपारी आंबा खाल्ला तर माणूस दिवेलागणीपर्यंत दात कोरत बसे. स्वभाव मात्र लहरी. मनात आलं तर पाट्या भरभरून देई, नाही आलं तर नुसती पानं हलवत उभा राही. अशा झाडाला लोखंड दाखवावं लागतं, हे त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक. झाड रुसलं की बुंध्यात एक खिळा ठोकायचा. झाड धसका घेतं आणि पुढच्या खेपेला लगडतं. पथ्य एकच, ठोकताना कुणी बघता कामा नये.

मे महिन्यातल्या वादळात तो आंबा मुळासकट आडवा झाला. पडताना त्याने विहिरीचा पंप वाचवला, गोठा वाचवला आणि फक्त विज्ञान मंचाचा फलक चिरडला. हा मंच शांतारामभाऊंचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नट-बोल्ट तपासण्यात त्यांची हयात गेली होती. गावात त्यांना ‘बोल्टमास्तर’ म्हणत. हा आपल्या नोकरीचा मान आहे, असं भाऊंचं मत होतं आणि तो मान ते निवृत्तीनंतरही बाळगून होते.

झाड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे भगवंत चौधरी समाचाराला आले. भगवंतांनी नुकताच पालघरच्या दुकानातून सागवानी झोपाळा आणला होता. पितळी कड्या, कोरलेल्या बाजू, सगळा थाट होता. पण फळी पाच पट्ट्या जोडून केलेली, आणि हे भाऊंनी पहिल्याच दिवशी बोटाने चाचपून, चारचौघांत जाहीर केलं होतं.

“आता याचं सरपणच ना?” पडलेल्या आंब्याकडे बघत भगवंत म्हणाले.

“झोपाळा,” भाऊ म्हणाले. हे त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी कळलं. “एका फळीचा. दोन फूट रुंद. सांधा नाही, खिळा नाही.”

“आंब्याच्या लाकडाच्या पेट्या करतात, शांताराम.”

“लाकूड दोषी नसतं, भगवंता. काप दोषी असतो.”

हे वाक्य तोंडून गेलं आणि भाऊ अडकले. आता काप म्हणजे काय ते शिकणं भाग होतं. पावसाळाभर ओंडका बावखलात बुडवून ठेवला, म्हणजे वाडीच्या शिंपण्याच्या गोड्या तळ्यात. पाण्यातल्या लाकडाला भुंगा लागत नाही. ओंडका पाण्यात आणि भाऊ मोबाइलमध्ये, असे दोघेही तीन-चार महिने बुडून होते. लाकूड चिरण्याच्या जेवढ्या तऱ्हा जगात आहेत तेवढ्या त्यांनी पाहिल्या. घरात सुरणाचे काप व्हायला लागले तरी ते शेजारी उभं राहून सुरीची दिशा तपासू लागले. शेवटी बायकोने त्यांना स्वयंपाकघरात यायची बंदी केली, तेव्हा कुठे दिवाळी सुखाची गेली.

थंडीतल्या एका रविवारी बुधाच्या ट्रॅक्टरवर चढून ओंडका बोईसरकडे निघाला. बुधा डोंगराकडच्या पाड्यावरचा. झाड तोडणं, ओढणं, लादणं यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मागून रिक्षात भाऊ, त्यांची मुलगी मेघाली आणि माई. माईला कुणी बोलावलं नव्हतं. “त्या झाडाला पाणी मी घातलंय. चिरताना मीच बघणार,” एवढं म्हणून ती रिक्षात बसली होती, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला रिक्षातून उतरवण्याची पद्धत भाऊंनी कुठल्याही व्हिडिओत पाहिलेली नव्हती.

पाम गावच्या फाट्याजवळची लाकडाची गिरणी दर्पणभाईंची. घराणं कच्छचं, पण दर्पणभाई बोईसरलाच जन्मले, वाढले आणि वाहतुकीच्या कोंडीत म्हातारे होत आले. भाऊंचा धाकटा भाऊ शैलेश कुंभवलीहून मोटारसायकलवर आधीच येऊन चहा पीत बसला होता. “दादा, बोर्डरूम भरली,” तो म्हणाला. “सुरू कर.”

दर्पणभाईंनी ओंडक्याला एक प्रदक्षिणा घातली आणि पहिला प्रश्न विचारला.

“काका, आत लोखंड आहे काय?”

“लोखंड?”

“वाडीतलं झाड म्हटलं की मला धडकी भरते. जंगलातलं लाकूड प्रामाणिक असतं. वाडीतल्या झाडात खिळे, खुंट्या, तारा, एकदा तर आख्खा नाल निघाला घोड्याचा. तुम्ही लोक झाडांना काय काय करता!” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पत्र्यात हातभर लांब चीर होती. “खिळ्यावर पट्टा तुटला. करवतीचा हा पट्टा तुटला की सापासारखा सुटतो. हा इंद्रजीत तिथंच उभा असतो रोज.”

इंद्रजीत म्हणजे यंत्र चालवणारा गोरखपूरकडचा गडी. त्याने तंबाखूची गोळी गालात सरकवली. “हम उस टाइम चाय लेने गए थे,” तो म्हणाला. “तब से चाय नहीं छोड़ी.”

“आमच्या घरात असल्या अंधश्रद्धा नाहीत,” भाऊ म्हणाले.

ते ठामपणे म्हणाले, कारण त्या ओंडक्यात त्यांचा स्वतःचा एक बोल्ट होता.

विज्ञान मंच नुकताच निघाला होता तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी आंब्याने एक फळ धरलं नव्हतं, आणि भगवंतांच्या झाडाखाली चालायला जागा नव्हती. शांतारामभाऊंनी बरेच दिवस स्वतःशी तात्त्विक चर्चा केली. शेवटी असं ठरलं, की खिळा ठोकणं ही अंधश्रद्धा आहे, परंतु तो ठोकून पाहणं हा प्रयोग आहे. प्रयोगाचं साहित्य उत्तम हवं, म्हणून त्यांनी कारखान्यातून नाकारलेला नव्हे, तर पास झालेला कठीण पोलादाचा एक वीतभर बोल्ट आणला. झाडाच्या पश्चिमेच्या अंगाला, जिकडे कुणी फिरकत नसे तिकडे, हातड्रिलने भोक पाडून तो नीट ठोकला. पुढच्या वर्षी आंबा लगडला. प्रयोग यशस्वी झाला आणि म्हणूनच तो कधी प्रसिद्ध करता आला नाही.

आणि आता हे लाकूड चिरायचं होतं. साधा खिळा असता तर पट्टा कदाचित कापून पुढे गेला असता. हा बोल्ट भाऊंनी स्वतः तपासलेला होता. तो कापला जाणार नाही, याची त्यांना व्यावसायिक खात्री होती.

तशी त्यांनी एक तजवीज केली होती. कारखान्याच्या फाटकावर कामगारांना तपासायची जी दांडी असते, लोखंड दिसलं की किंचाळणारी, ती त्यांनी तिथल्या शिवाजी वॉचमनकडून रविवारपुरती मागून आणली होती. दांडी बोल्ट शोधेल, बोल्ट बेवारस निघेल, सगळे हळहळतील, आपणही हळहळू, असा साधा बेत होता.

“विज्ञानाला काम करू द्या,” भाऊ म्हणाले, आणि मेघालीने दांडी ओंडक्यावरून फिरवली.

दांडी किंचाळली. चार बोटं पुढे गेली, पुन्हा किंचाळली. वळली, किंचाळली. हा ओंडका विमानतळावर आला असता तर त्याला अटक झाली असती.

“अरे बाप रे,” दर्पणभाई म्हणाले. “काका, हे झाड आहे का भंगारचं दुकान?”

सावे कुटुंबीय आकाशाकडे, ट्रॅक्टरकडे आणि चहाच्या ग्लासाकडे बघू लागले. बुधाने साल सोलली. पहिला खिळा दिसला, चपट्या डोक्याचा, जुना.

“हा कुणाचा?” भाऊंनी विचारलं. त्यांच्या आवाजात इतका निखळ संताप होता, की त्यांना स्वतःलाच बरं वाटलं.

मग माई खाकरली. “माझा हाय तो.”

“माई! तू?”

“मग? शैलेशच्या लग्नाच्या साली झाड रुसलं नव्हतं का? लग्नात पन्ह्याला कैरी नाय, लोणच्याला कैरी नाय. मी ठोकला. दुसऱ्या साली फांद्यांना टेकू द्यावे लागले, विसरलास? माझ्या खिळ्याने धरलं ते झाड.”

“तुझ्या खिळ्याने?” शैलेश चहाचा ग्लास ठेवून उठला. “माई, तुझा खिळा केवढा, झाड केवढं! धरलं असेल एकदा. खरं झाड सुधारलं ते माझ्या खिळ्याने. तो बघ, त्या गाठीपाशी. मोठा, दारं बसवायचा. मी ठोकला त्याच्या पुढच्या वर्षी दोन टेम्पो आंबा पालघरच्या बाजारात गेला.”

“एक टेम्पो.”

“दोन. दुसरा मी चालवत होतो.”

अजून एक खिळा निघाला तेव्हा मेघालीने घरी आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. “तो माझा,” आई पलीकडून शांतपणे म्हणाली. “तू पोटात होतीस. मला कैरीचे डोहाळे लागले होते. आणि बाबांना सांगू नकोस, त्यांना विज्ञानाचं वाईट वाटेल.”

“बाबा ऐकतायत.”

“मग परत येताना खोबरेल आणा म्हणावं,” आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुधानेही एका मोडक्या खिळ्यावर हक्क सांगितला. “पण शेट, माझा धरायबिरायचा नाय. कोयता टांगाया ठोकला होता.” एकूण ठोकणाऱ्यांत एवढाच एक हिशेबी निघाला.

शेवटी एका ओळीत चार खिळे दिसले. “हे कुणाचे?” दर्पणभाई म्हणाले. “चौघांनी मिळून ठोकले काय?”

“ते फलकाचे,” भाऊ पडलेल्या आवाजात म्हणाले. “विज्ञान मंचाचा. ‘झाडांना इजा करू नका.’”

“ते चार सामाजिक आहेत,” शैलेशने दर्पणभाईंना समजावलं.

बुधाने छिन्नीने सगळे खिळे काढले. कुणाच्या खिळ्याने किती आंबे लागले यावर माई आणि शैलेश यांच्यात जी जुंपली, तिच्यात गिरणीतली दोन गिऱ्हाइकंही सामील झाली. त्यांच्यापैकी एकाच्या फणसात तीन खिळे होते.

भाऊंचं कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी मेघालीला पश्चिमेच्या बाजूवरून दांडी पुन्हा पुन्हा फिरवायला लावली. दांडी मख्ख. झाडाने इतक्या वर्षांत बोल्ट चांगला चार बोटं आत गिळला होता आणि वर फक्त एक बेंबीएवढा खळगा उरला होता. 

“साफ है,” इंद्रजीत म्हणाला. त्याने ओंडका रुळांवरच्या गाडीवर चढवायला लावला, पाचरा मारल्या आणि रंगाची दोरी ताणून बुंध्यावर टणकन सूत मारलं. लाल रेघ बुंध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. बरोबर बेंबीवरून.

“असं नको,” भाऊ म्हणाले.

“काय झालं?”

“असा काप चुकीचा आहे.”

दर्पणभाईंनी खुर्ची ओढली. त्यांना गिऱ्हाइकांचा अनुभव होता.

“बघा,” भाऊ म्हणाले, आणि त्यांनी खिशातून खडू काढला. “तुम्ही करताय तो सरळ काप. सुरणाचे काप करतात तसा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. फळी रुंद मिळते, कबूल. पण अशी फळी वाळताना वाकते. वाकून परात होते. झोपाळ्यावर बसलेला माणूस मधे घरंगळतो.”

“मग?”

“चौथाई काप घ्या. ओंडक्याच्या कलिंगडासारख्या चार फोडी, आणि मग प्रत्येक फोडीतून फळी. ती वाकत नाही.” चार फोडींत बोल्ट ज्या फोडीत येईल ती सरळ भगवंतांना सरपण म्हणून द्यायची, हा पुढचा भाग त्यांनी मनात ठेवला.

“काका,” दर्पणभाई मायेने म्हणाले, “फोड म्हणजे अर्ध्या ओंडक्याएवढी रुंदी. त्यातून दोन फुटी फळी मी कुठून आणू? एक फूट मिळेल. मग दोन जोडा.”

“भगवंताचा झोपाळा पाच पट्ट्यांचा, तुझा दोन,” शैलेश म्हणाला. “प्रगती आहे.”

भाऊंनी खडू झटकला. “बरं, मग ओंडका पाव वळसा फिरवा आणि सरळच कापा.”

“पाव वळशाने काय होणार?”

“पश्चिमेकडचं ऊन. त्या बाजूच्या लाकडाची घनता वेगळी असते. तंतूंचा ताण—”

“इसमें क्या रखा है, साहब,” इंद्रजीत म्हणाला. “लकड़ी गोल है. गोल में पूरब-पश्चिम कहाँ?” इंद्रजीतला काहीच नीट ठाऊक नसे, पण बोलण्यात तो कुणाला हार जात नसे. आंब्याचं लाकूड पौर्णिमेला चिरलं तर गोड लागतं, असंही त्याने लगेच सांगितलं. कुणाला गोड लागतं ते विचारायचं राहून गेलं.

“या चढवलेल्या ओंडक्याच्या पाचरा काढायच्या, माणसं लावायची, पुन्हा फिरवायचा,” दर्पणभाई म्हणाले. “कारण काय, तर घनता. काका, सायन्सचं काही असेल तर आज नाही जमणार. दिशेचं काही असेल तर बोला. वास्तूचं, शुभ-अशुभाचं. लगेच फिरवतो. धंद्यात त्याला नाही म्हणता येत नाही.”

मेघालीने मोबाइल वर धरला होता. ‘सावे परिवार’ या ग्रुपवर सगळं थेट जात होतं.

शांतारामभाऊंनी आयुष्यात पुष्कळ कठीण चाचण्या पाहिल्या होत्या, पण त्या बोल्टांच्या होत्या. त्यांनी खळग्याकडे पाहिलं, भिंतीतल्या चिरेकडे पाहिलं, आणि खाली मान घालून, ज्या आवाजात माणूस औषधाच्या दुकानात काही विशिष्ट वस्तू मागतो त्या आवाजात म्हणाले, “पूर्व.”

“काय?”

“पूर्वेचं अंग वर. शुभ असतं.”

“दादा!” शैलेशने टाळी वाजवली. “मंच बरखास्त!”

“आता कसं माणसात आलास,” माई म्हणाली.

“बोला की मग आधी!” दर्पणभाई उठले. चार माणसं लागली, आकडे लागले, आणि ‘हैय्या’ करत ओंडका फिरवला. पश्चिम वर होती, ती खाली गेली. पूर्व वर आली. इंद्रजीतने नवी दोरी ताणली आणि सूत मारलं.

भाऊंनी रेघ पाहिली आणि बोटाने हवेत वळसा मोजला. पाव वळसा मागितला होता तो विज्ञानाच्या नावाने. दिशेच्या नावाने मिळाला तो अर्धा. अर्ध्या वळशाने रेघ वरून निघून बरोबर तशीच खाली उतरते. काप तोच होता. बेंबी आता खालून त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यातली पहिली उघड अंधश्रद्धा त्यांनी केली आणि तीसुद्धा भूमितीत नापास झाली.

“माई,” ते कसेबसे म्हणाले, “पूर्वी हातानेच चिरायचे ना गं?”

“हो. खड्ड्यावर ओंडका, एक वर, एक खाली. वरचा रेघ बघायचा, खालचा भुसा खायचा.” माईने पदर सारखा केला. “आपल्या घरात वर नेहमी तूच.”

इंद्रजीतने यंत्र सुरू केलं. मोठी चाकं फिरली, पट्टा वाऱ्यासारखा पळू लागला, आणि त्याचा जो आवाज निघाला त्यात बाकी सगळं बुडालं. इंद्रजीत आपल्या रोजच्या जागी उभा राहिला, भिंतीतल्या चिरेच्या बरोबर समोर, आणि गाडी पुढे ढकलू लागला. ओंडका पट्ट्याला भिडला. भुशाचा ओला, आंबूस वास पसरला.

“थांबा!” भाऊ ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही. “अरे थांबा!” माईने त्यांच्याकडे पाहून कौतुकाने मान हलवली. तिला वाटलं, जयजयकार करतोय.

इंद्रजीतने आज अजून चहा घेतला नव्हता, हे भाऊंना आठवलं. बाकी सगळं मग आपोआप झालं. त्यांनी धोतर असतं तर खोचलं असतं. पँट होती, ती तशीच घेऊन ते भुशातून धावले आणि भिंतीवरचा मोठा लाल खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

यंत्राची हवा एकदम जाते. भाऊंच्या फुप्फुसांची तेवढी लवकर जात नव्हती. त्यामुळे गिरणी गप्प झाली त्या नेमक्या क्षणी, बोईसर-तारापूर रस्त्यावर थांबलेल्या दोन रिक्षांनाही कळेल अशा आवाजात ते म्हणाले,

“माझा बोल्ट आहे त्यात!”

पट्टा सरसरत थांबला. भुसा खाली बसला. बेंबीपासून हातभर अलीकडे काप थांबला होता.

“पश्चिमेला,” भाऊ हळू आवाजात पुढे म्हणाले. “खाली. वीतभर आहे. ड्रिल मारून ठोकलाय. मीच. मंच निघाला त्या वर्षी.” त्यांनी चष्मा काढून पुसला, पण त्यावर भुसा होता, म्हणून तो आणखी मळला. आता बहीण काय म्हणेल, मुलगी काय म्हणेल, मंचाचे चार सभासद काय म्हणतील, याची ते वाट पाहत राहिले.

माई म्हणाली, “मग?”

“मग काय? मी खिळा ठोकला, माई. मी!”

“ते ठाऊक हाय रे. अख्ख्या माकुणसारला ठाऊक हाय. भर दुपारी ड्रिलचा आवाज, मग हातोडी. बावखलापलीकडे भगवंत आणि मी, दोघं कुंपणाशी उभी होतो. आमी म्हटलं, बघू नये, पथ्य असतं. म्हणून पाठ फिरवली.”

“भगवंतालाही ठाऊक आहे?”

“दादा,” शैलेश म्हणाला, “गावात तुला बोल्टमास्तर का म्हणतात?”

इतकी वर्षं चालत आलेला एक मान भाऊंच्या डोळ्यांसमोर पाव वळसा फिरला आणि त्याची दुसरी बाजू दिसली.

“मला वाटलं, नोकरीमुळे.”

“नोकरीला आख्खा पट्टा जातो तारापूरला. सगळ्यांना बोल्टमास्तर म्हणतात का?”

पहिला इंद्रजीत हसला. तो हसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण उभे कुठे होतो. त्याने भिंतीतल्या चिरेकडे पाहिलं, मग भाऊंकडे आला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “साहब,” तो म्हणाला, “चलिए, चाय पीते हैं.” मग सगळेच हसले. दर्पणभाईंनी चहाबरोबर भजीही मागवली, कारण पट्टा वाचला होता. मेघालीच्या मोबाइलवर ‘सावे परिवार’मधून अंगठ्यांचा पाऊस पडत होता. घरून आईचा एकच निरोप आला. तिलाही ठाऊक होतं, आणि खोबरेल विसरू नका.

चहानंतर ओंडका पाव वळसा फिरवला. या वेळी कुणी कारण विचारलं नाही. बोल्ट एका कडेला गेला. इंद्रजीतने पूर्वेच्या अंगाने काप घ्यायला सुरुवात केली, आधी सालीची कड काढली, मग एक फळी, आणि मग मधला चिवट गाभा सोडून, त्याच्या लगेच अलीकडून, ती फळी निघाली. दोन फूट आणि वर दोन बोटं. सांधा नाही, भोक नाही, काळा डाग नाही. ओल्या लाकडावर करड्या-सोनेरी लाटा तशा पसरल्या होत्या, जशी केळव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू दिसते. माईने पुढे होऊन फळीवर हात फिरवला आणि हाताला लागलेला भुसा पदराला पुसला नाही.

“वाकेल का रे परातीसारखी?” तिने विचारलं.

“सावलीत वाळवली, दोन्ही अंगांनी वारा लागू दिला आणि वर वजन ठेवलं तर नाही वाकणार,” भाऊ म्हणाले. हे मात्र ते खरंच शिकले होते.

उरलेल्या भागातून बुधाने बोल्ट कोरून काढला. काळपट झाला होता, पण आटे शाबूत होते. भाऊंनी तो रिक्षात मांडीवर घेतला आणि माकुणसारपर्यंत तीन वेळा तपासला. पास होता.

फळी दोन उन्हाळे वाळली. मग तिला रंधा लागला, तेल लागलं, आणि ती ओटीवर साखळ्यांना टांगली गेली. पहिल्या संध्याकाळी भगवंत चौधरी येऊन बसले. त्यांनी फळीखालून, वरून, कडेने बोट फिरवलं. सांधा सापडला नाही.

“मानलं, बोल्टमास्तर,” ते म्हणाले.

भाऊंनी ते आता कसं घ्यायचं याचा क्षणभर विचार केला आणि मग झोपाळ्याला पाय देऊन एक झोका घेतला. मंच चालू होता. सभासद चाराचे अकरा झाले होते. त्यांतले सात जण व्हिडिओ पाहून आले होते आणि त्यांनी आपापल्या वाडीतले खिळे मोकळेपणाने सांगितले होते.

झोपाळ्यावर एका बाजूला माई, एका बाजूला शैलेश, मधे भाऊ. रोज संध्याकाळी विषय एकच. माई म्हणते, झाड धरलं ते तिच्या खिळ्याने. शैलेश दोन टेम्पो पुन्हा भरतो. आतून बायको डोहाळ्यांचा दाखला देते. आणि शांतारामभाऊ, सगळ्यांचं ऐकून घेऊन, खिशातला बोल्ट काढून तळहातावर ठेवतात. “भावना समजतात मला तुमच्या,” ते म्हणतात. “पण खिळ्यात आणि बोल्टात फरक असतो. प्रतीचा फरक. मी ठोकला त्याच्या दुसऱ्याच वर्षी झाड लगडलं, ही नोंदलेली गोष्ट आहे.”

आंबा तसाही एक वर्षाआड धरतो.